घट्टा

मे महिना. रात्री पावणेतीनला
अमरावती रोडवरच्या आमच्या खोलीत
चाळीस चंबू गोल गोल हलताहेत,
मिनिटाला एकशे दहा फेरे.
बाहेरून भिंतीला हात लावला तर अजून चटका बसतो.
आत पंचवीस अंश. आमच्यापेक्षा त्यांचेच लाड.

चंबूत सर्पगंधा आहे.
म्हणजे पान नाही, मूळ नाही, फूल तर नाहीच;
साखरेच्या पाण्यात वाढणारा
शिळ्या भाताच्या गोळ्यासारखा पिवळट पुंजका.
शास्त्रात त्याला कॅलस म्हणतात.
मराठीत घट्टा.
कुमरेदादांनी पहिल्याच दिवशी तळवा पुढे केला होता:
हा का, मॅडम?

दादा कोरचीकडचे. वडील मुळं खणायचे,
इतवारीतला व्यापारी किलोवर घ्यायचा.
मूळ निघालं की झाड संपलं.
एक टेकडी संपली की पुढची.
म्हणून तर हे चंबू, मी सांगितलं,
आता खणायचं नाही.
ते म्हणाले, बरं. आणि काचा धुवायला गेले.

पण पुंजके नुसतेच फुगले.
अकरा महिने,
दर तीन आठवड्यांनी नवं पाणी, नवी साखर,
आणि कागदावर जिथे औषधाचं शिखर यायचं
तिथे बुटीबोरीच्या रस्त्यासारखी सपाट रेघ.

दादांनी कागद उलटा धरून पाहिला.
"कायले निघन, मॅडम? सुखात हाय ते.
बाबा सावलीतलं मूळ घेतच नव्हते.
गुरं तुडवते, कीड लागते,
तिथलंच कडू निघते."

मग आम्ही बुरशी उकळली, गाळली,
चार-चार थेंब प्रत्येक चंबूत सोडले.
शत्रू मेलेला. फक्त त्याची चाहूल.

चौथ्या दिवशी पुंजके तपकिरी पडले.
काही गेले.
ज्यांना तोंड नाही त्यांच्यासाठी वाईट वाटतं का?
वाटलं.
आणि रेघ उठली. फार नाही,
सीताबर्डीच्या किल्ल्याएवढी म्हणू.

आज दादांनी एक चंबू उघडून नाकाशी धरला,
मग माझ्याकडे दिला.
कडवट, ओल्या सालीचा वास.
"आता आलं," म्हणाले.
काय, ते सांगितलं नाही.

तेवढ्यात लाईट गेली.
जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प.
चाळीसही चंबू थांबले.
आम्ही अंधारात एकेक उचलून
हातानेच हलवत बसलो, मोजत, चुकत,
आणि काचेवर दादांच्या तळव्याची
खरखर ऐकू येत राहिली.