रात्रीचे चाळीस युनिट

म्बूरच्या बर्फ कारखान्यात
तीन यंत्रं एका ओळीत उभी केली आम्ही,
जुन्या वायूचा शेवटचा सिलिंडर
ट्रकवर चढून डाकारला गेला त्या आठवड्यात.
पहिल्यात अमोनिया, दुसऱ्यात प्रोपेन,
तिसऱ्यात कार्बन डायऑक्साइड,
म्हणजे आपण सगळेच जो सोडतो, फुकट.

माझं काम एवढंच : वही, तीन मीटर,
टनामागे किती युनिट.

अमोनिया, अठ्ठावन्न. दिवस असो, रात्र असो.
पण व्हॉल्व्ह जरा सैल झाला
की न्गोरचे डोळे वाहतात
आणि पलीकडची बोकडं दावं तोडतात.
प्रोपेन, त्रेसष्ट. गुणी पोर,
फक्त आसपास कुणी काडी ओढायची नाही.
आणि तिसरा, पहाटे एकावन्न!
आकडा खोडला, पुन्हा पाहिलं, पुन्हा तोच लिहिला.

मग ऊन चढलं.
एकतीस अंशांपुढे त्याला
धड वायू राहता येत नाही, धड द्रव होता येत नाही.
नव्वद बारचा दाब छातीत कोंडून
नुसता धापा टाकतो.
दुपारी चौऱ्याऐंशी.
न्गोर म्हणाला, त्याला बोल लावू नका बाई,
दोन वाजता मीही तसाच असतो.

बाकी सगळं जुळलं.
फक्त रात्री, बर्फ पाडणं बंद असताना,
कोठी नुसती गार ठेवायला
रोज चाळीस युनिट जास्त.
ते कुठं जातात
तिघांपैकी एकही यंत्र सांगेना.

पहाटे चारला टॉर्च घेऊन गेले.
कोठीच्या दाराशी मासेवाल्या,
टोपल्या उपड्या, पाठी दाराला टेकलेल्या.
होड्या यायला तास होता अजून.
दिबोर जराशी सरकली.
मी टेकले.
दाराचं रबर गुडघ्याच्या उंचीपर्यंत फाटलेलं,
आणि त्या फटीतून
मणका मणका चढत येणारा गारवा.

"अकरा वर्षं इथंच झोपते," ती म्हणाली,
"घरचा पत्रा रात्रभर निवत नाही."
कुणाचं तरी तान्हं
फटीकडे तळवे करून गाढ झोपलं होतं.

वहीत लिहिलं :
दाराचं रबर, साडेसहा मीटर, तातडीनं.
तारीख घातली.
सहीची जागा अजून कोरी आहे.
लांब पाण्यावर होड्यांचे दिवे हलायला लागले,
बायका उठल्या, लुगडी झटकली,
मी तशीच
आणखी थोडा वेळ.