सरावातला यजमान

शाळा सुटल्यावर, साडेपाचला,
नववी ब चा वर्ग ओकायामा होतो.
बाकं भिंतीला, मधे दोन सतरंज्या
आणि उंबऱ्यापाशी खडूची एक रेघ.
अलीकडे चपला, पलीकडे जपान.

चपला काढायला शिकवावं लागत नाही विट्यात.
शिकवावं लागतं ते त्या वळवून ठेवायला,
टोकं दाराकडे,
म्हणजे निघताना अडत नाही.
"आल्या आल्याच जायची तयारी, बाई?"
अस्मिरा मुलाणी विचारते.
मला उत्तर येत नाही.
मीही बेळगावच्या पलीकडे गेलेली नाही,
रात्री व्हिडिओ बघते आणि सकाळी शिकवते.

नऊ जण जाणार, अकरा दिवस.
पासपोर्टवर सुयोगचं किर्दत दोनदा चुकलं.
त्याचे वडील कोइमतूरहून फोनवर म्हणाले,
"आसू द्या बाई, मला तर हितं
वीस वर्षं निस्तं शेट म्हणत्यात."
गलाईवाल्यांचा तालुका हा.
घरटी एकजण सोनं गाळायला गेलेला,
कुठं केरळात, कुठं आसामात,
तिथलं बोलतो, तिथला भात खातो,
यात्रेला दोन दिवस घरी येतो.
कमरेतून किती अंशात वाकायचं
याचा कागद त्याच्या हातात
कुणी दिला नव्हता.

विणायच्या सुयांनी खायचा सराव.
शेंगदाणा पळतो, बेदाणा सापडतो.
बाहेर यंत्रमाग खटकत असतात
आणि आम्ही शांत बसायला शिकतो.
त्यात सगळ्यात जास्त वेळ जातो.

मग तो फॉर्म:
तुमच्याकडे पाहुणा आला की तुम्ही काय करता?
पेनं थांबली.
"काय करतो? काहीच नाही."
मग एकेक निघालं.
टीव्हीचा आवाज कमी करतो.
तो समोर दिसत असून विचारतो, कधी आलासा?
मागच्या दारानं जाऊन शेजारनं साखर आणतो,
पण त्याला कळू देत नाही.
नको म्हणाला तरी वाढतो,
खरंच नको असलं तरी.
आणि तो जातो म्हणत नाही,
येतो म्हणतो.

कुणीतरी जपानी घर व्हायला हवं होतं.
ते विश्वतेज भिंगारदेवे झाला.
यादीत त्याचं नाव नाही.
आई कांड्या भरते यंत्रमागावर,
पैशांचा विषय त्यानं स्वतःच मिटवला, पहिल्याच दिवशी,
"आमचं जमायचं नाही, पण मी थांबू का?"

तेव्हापासून रोज रेघेपलीकडं तो उभा.
कधी आई, कधी आजोबा, कधी धाकटी बहीण,
टॉवेलचा किमोनो, ओठ दाबून गंभीर.
नऊ जण चुकतात, तो चुकत नाही.
वाकला की वर्गातलं हसू
आपोआप खाली बसतं.
त्यानंच शोधून आणलं एक दिवस:
घरातून निघणारा म्हणतो इत्तेकिमास,
घरातला म्हणतो इत्तेराश्शाई.
"म्हंजे जाऊन येतो आणि जाऊन ये.
आपल्यातलंच हाय की, बाई."
अस्मिरानं माझ्याकडं पाहिलं.
चपलांचं उत्तर
तिला मिळालं असावं.

काल शेवटचा सराव.
नऊ जणांनी बॅगा धरल्यासारखे हात केले,
वाकले, म्हणाले, रेघ ओलांडली.
जिन्यावर धडधड झाली
आणि खाली लगेच कुणाचं तरी भांडण,
खिडकीकडची सीट कुणाची यावरून.
वर्गात तो एकटा वाकलेला,
जरा जास्तच वेळ.

दारात एकच जोड उरला होता.
डाव्या चपलेचा अंगठा सुतळीनं शिवलेला,
टोकं आत, फळ्याकडं.
मी म्हटलं, विश्वतेज, सगळ्यांना शिकवलंस
आणि तुझ्या वळवायच्या राहिल्या.
"माझ्या कशाला, बाई?
मी घरचाच की," म्हणाला
आणि बाकं ओढायला लागला.