घरभेट अहवाल, पान तीन

अर्ज तिनं स्वतः लिहून आणला होता.
‘विषय : माझी फाईल मला वाचायला मिळणेबाबत.’
खाली सही, सहीखाली ठळक अक्षरात
हनमव्वा.
मी रजिस्टरमध्ये हेमा शोधत बसले.

हेमा मीच केलं होतं तिला,
चौदा वर्षांमागं, इलठणपाड्याच्या चढावर,
फॉर्मवरची दगडखाणीची धूळ फुंकत.
रकाना छोटा होता. म्हटलं, सोपं पडेल सगळ्यांना.
सगळ्यांत ती नव्हती.

फाईल निघाली. टाचण्या गंजून कागदात रुतलेल्या.
पंख्याखाली बसून ती वाचत राहिली
ओठ हलवत, वाण्याचा हिशेब तपासावा तशी.
मी चहा मागवला, मग बिस्किटं,
आणि मग ध्यानात आलं
की बिस्किटं आपण घाबरलेल्या लेकरांसाठी मागवतो.
इथं घाबरलेलं कोण होतं?

पान तीन. अक्षर माझं, तेव्हाचं, टपोरं,
पदवीची शाई न वाळलेलं.
‘आई घरी आढळली नाही. मूल एकटे. चूल थंड.
आई बेजबाबदार असल्याचे दिसते.’

‘ताई, किती वाजता आला होतात?’
अकरा. तेही होतंच लिहिलेलं, वर, कोपऱ्यात.
‘चारची गाडी असायची तिची, तळोज्याला,
कोळंबी सोलायला. चूल तीनला पेटायची.
तीनची चूल अकराला कोणाची गरम राहते?’

भांडण नव्हतं आवाजात.
भांडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं,
त्याचं प्रशिक्षण झालंय माझं.

तिनं पान उलटलं.
‘पालकांच्या भेटी : सहा. कसं काय?
दर रविवारी यायची. तिनंच तर सांगितलं हे चुलीचं,
जाळीपलीकडून, दर रविवारी, मी विसरू नये म्हणून.’
गेटवर वही असायची. सहीपुरती.
तिला सही येत नव्हती,
आणि अंगठ्याचं पॅड बहुतेक वेळा कोरडं.
त्या सहा भेटींवर एक बैठक झाली होती.
‘कुटुंबाकडे सोपवणे उचित नाही.’
ठराव एकमताने. त्या मतांत माझंही.

तिनं पेन मागितलं.
फाईलीत खाडाखोड चालत नाही, मी म्हटलं,
आणि माझाच आवाज मला गेटवरच्या माणसासारखा वाटला.
मग एक कोरा कागद दिला.
वर लिहिलं : पान तीन (अ).
ती लिहीत होती तेवढा वेळ मी खिडकीबाहेर बघितलं.
पारसिकच्या डोंगराचा कापलेला भाग दिसतो तिथून.
पावसाळ्यात त्यावर गवत येतं,
पण कापलेलं आहे हे कळतंच.

आई कशी आहे, मी विचारलं जाताना.
‘हे कामासाठी विचारताय की असंच?’
असंच, म्हटलं.
ती थोडा वेळ थांबली.
‘मग नंतर कधीतरी सांगेन.’

आता आम्ही टॅब नेतो.
लोकेशन चालू, दारासमोर बाईचा फोटो,
जोखीम : कमी, मध्यम, तीव्र. एक निवडा.
महिन्याला चाळीस घरं, करार अकरा महिन्यांचा,
आणि सोबतची शिकाऊ मुलगी विचारते,
मॅडम, तीन (अ) कुठल्या रकान्यात चढवू?
तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

परवा दिघ्यात एका दाराला कुलूप होतं.
घड्याळात अकरा.
‘घरी आढळली नाही’ टाइप केलं. पुसलं.
टॅब पिशवीत घातला, पायरीवर बसले.
शेजारची बाई तांदूळ निवडत होती.
ह्या केव्हा येतात हो, मी विचारलं.

तिनं सूप खाली ठेवलं,
मला चपलांपासून वरपर्यंत बघितलं.
‘आधी तुम्ही कोण,
ते सांगा.’