एकेचाळीस हात

अकरा वर्षं मी पेपर वाचून दाखवतो
नत्थूच्या टपरीवर, एसटी वळते तिथं,
ज्यांना वाचता येत नाही त्यांना
आणि ज्यांचा चष्मा भंडाऱ्याहून अजून यायचाय त्यांना.
कुठलंसं गाव पेटून उठलं, कुठल्याशा गावानं ठरवलं,
जनतेला असं वाटतं, देशाला तसं.
मी वाचायचो. ते ऐकायचे.
नत्थू कप विसळायचा.

मग एका मंगळवारी, पान पाचवर
आमचंच गाव निघालं.
तलावाच्या पाळीवरची सभा, मागे मंडप,
आणि वर गेलेले हात.
खाली ठळक: बोटिंगला गावाचा एकमुखाने होकार.

'पुन्हा वाच गा,' झिटू दिघोरे म्हणाला.
पुन्हा वाचलं. तेच होतं.
'थो हात माहा आहे,' त्यानं बोट ठेवलं.
'मी तं इचारत होतो, आमी जाळे कुठं टाकाचे?
माईक दोन मानसं अलीकडंच थांबला.'

सुगंधाचा हात कपाळाशी होता,
ऊन समोरून येत होतं म्हणून.
फागोचं पोरगं जांभळीवरच्या दोस्ताला
खाली उतर म्हणत होतं.
मग आम्ही मोजायलाच बसलो.
एकेचाळीस.
त्यातले दोन आसारामचे; त्याला जांभई आली होती.
होकाराचेही होते, खोटं कशाला बोलू:
बाबूलाल, त्याचे दोघं भाऊ, आणखी सात-आठ,
शिवाय मंडपवाला.
मंडपवाला साकोलीचा.

रात्री टीव्हीवर तोच फोटो.
'अख्खं गाव,' ती बाई म्हणाली,
आणि अख्खं गाव आपापल्या घरात
तिचं ऐकत बसलं.
सकाळी नळावर सुगंधाची सासू सांगत होती,
'आपून हो म्हटलं म्हणे.'
म्हणे!
स्वतःच्याच तोंडाबद्दल.

तेव्हापासून मी वाचायला लागलो,
अमुक राज्याचा कौल, तमुक समाजाचा निर्धार,
की मागून कुणीतरी विचारतं,
'जांभया किती?'
आणि टपरी हसते.
मीही हसतो. पण अकरा वर्षांचे पेपर
डोळ्यांपुढून उलटे जातात.
किती गावांचे हात मी असेच
एका दमात वाचून टाकले.

हसण्याचंही एक झालं.
श्रावणात पेपरात आलं, वरच्या धरणाची दारं उघडणार,
नदीकाठी जाऊ नये.
झिटू म्हणाला, 'हेबी तसंच.'
जाळी काढायला गेला नाही.
तिसऱ्या दिवशी त्यातलं एक
बाभळीच्या फांदीला सापडलं, अर्धं.
त्यानं कुणाला दोष दिला नाही.
नुसता चहा मागितला, बिनसाखरेचा.

तो पेपर मी जपून ठेवलाय.
डाव्या कडेला, छापताना कापला गेलेला
आणखी एक हात आहे, कोपरापर्यंतच.
मोजताना मी तो गाळला होता.
मनगटावरचं घड्याळ माझं.
तो कशासाठी वर गेला, आठवत नाही.
शेजारचे गेले म्हणून गेला असेल.

झिटूनं कधी विचारलं नाही.
फक्त मी पेपर उघडला
की तो आधी माझ्या मनगटाकडे बघतो,
मग म्हणतो,
'हं. वाच.'