झालचं दुकान

तार्खुना हिरवा असतो, वाळ्याच्या सरबतासारखा,
आणि बाटली कलंडली की मुळीच आवाज करत नाही.
आधी स्क्रीनवर हॉटेलचा मार्च महिना थरथरला,
मग चादरी-टॉवेलांचे आकडे एकमेकांत शिरले,
मग काळं.
पंख्याने एक उसासा टाकला, तेवढाच.

घरमालकीण नाझिको धावत आली.
तांदळात पुरून ठेवतात, मी हातवारे करून सांगितलं.
तिच्याकडे तांदूळ नव्हते.
मक्याचं पीठ होतं.
ते तिने परातीत इतक्या मायेने पसरलं
की नको म्हणवेना,
आणि रात्रभर माझा लॅपटॉप
भाकरीच्या उंड्यासारखा झाकून ठेवलेला.

सकाळी, तिबिलिसीच्या स्टेशन चौकाखालचा भुयारी रस्ता:
मोजे, सूर्यफुलाच्या बिया, मोबाइलची कव्हरं,
आणि मध्ये कपाटाएवढं एक दुकान.
दुरुस्ती करणाऱ्याचं नाव झाल.
मी दोनदा विचारलं. झाल.
म्हटलं, याच्या नावातच काम उरकलंय.
हे त्याला सांगायला शब्द नव्हते;
माझं जॉर्जियन वीस शब्दांचं,
त्यातले सहा भाज्या.

त्याने लॅपटॉप उपडा करून हलवला.
टेबलावर पिवळा सडा.
त्याने पिठाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
शेजारच्या मोजेवालीला हाक मारून दाखवलं.
दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.
मीही हसले, जरा उशिरा,
आणि मग मला थांबता येईना,
कारण त्या बंद डब्यात भाडं होतं, सोमवार होता,
व्हिसाचा कागद होता,
आणि दर रविवारी दिसणारं एक स्वयंपाकघर,
जिथे दादा कॅमेऱ्याकडे पाठ करून जेवतो
आणि पाठीनेच माझ्याशी भांडतो.

चार दिवस मी पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूंवर हिशेब केले.
फोनच्या कॅमेऱ्याला तडा गेलाय, कधीचाच, नवा घेऊ म्हणते.
घरी नुसता आवाज.
बरी आहेस ना?
बरी आहे.
तिकडे घड्याळ दीड तास पुढे,
माझं जेवण होईपर्यंत तिथे निजानीज.

चौथ्या दिवशी झाल म्हणाला, पासवर्ड.
मी लिहून द्यायला पेन काढलं.
त्याला ऐकायचं होतं, हात स्क्रूंमध्ये गुंतलेले.
म्हणून त्या भुयारात,
डोक्यावरून बस जात असताना,
मी मोठ्याने म्हणाले:
चिंगूस.

आठ महिन्यांत मला हे कुणी म्हणालं नव्हतं.
या शहरात तर कुणाला म्हणताही आलं नसतं.

चिन-गूस?
चिंगूस. माझे कान तापले.
म्हणजे?
मी नोट काढली, मायेने पाहिली,
घडी घालून परत खिशात ठेवली.
अहा, म्हणाला झाल,
आणि मोजेवालीला पुन्हा हाक मारली.
बिलातली एक लारी मात्र कमी केली नाही.
केली असती तर मलाच वाईट वाटलं असतं.

नवा कीबोर्ड जुनाच आहे, कुणाचातरी.
बटणांवर जॉर्जियन अक्षरं,
वाटाण्याच्या वेलीच्या ताण्यांसारखी,
कशाला तरी धरू बघणारी.
इंग्रजी कोपऱ्यात, पुसट.
पण बोटांना पाठ होतं.
वेलींवरून न पाहता चालत गेली
आणि दार उघडलं.
मार्च महिना तसाच, एक चादर इकडची तिकडे नाही.

रात्री नाझिकोने दार वाजवलं.
हातात ताटली, मक्याची गरम भाकरी, वर चीज.
परातीतलं ते पीठ तिने फेकलं नव्हतं.
चाळलं असावं.
तरी दुसऱ्या घासाला लागलीच
ती ओळखीची गोड हिरवी चव.

मी तिच्याकडे पाहिलं.
चिंगूस, म्हटलं.
चांगली झालीये म्हणत असावी, असं वाटलं तिला;
लाजली,
आणि अजून एक वाढली.