अकरा वाजता

औलूमध्ये नोव्हेंबरात सकाळ होत नाही,
काळोख थोडा पातळ होतो इतकंच.
मी टपालाची सायकल काढते.
पोटात काल संध्याकाळी सातचं जेवण,
थर्मासात कोरी, बिनसाखरेची कॉफी.

दवाखान्यातली नर्स म्हणाली होती,
उपाशी नका राहू, इर्मेली,
नुसत्या जेवणाच्या वेळा आवळा.
मी ताटही आवळलं.
अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाला घाई असते.

पहिला आठवडा पोटात कावळे ओरडत होते
आणि बर्चवरचे खरे कावळे
गप्प बसून ऐकत होते.
सातव्या दिवशी चौदा नंबरच्या पेटीपाशी
पाकिटांवरची नावं विरघळायला लागली.

म्हाताऱ्या कालेर्वोनं दार उघडलं,
विचारलं काहीच नाही.
गुरुवार होता. वाटाण्याचं दाट सूप पहाटेपासून रटरटत होतं,
राईचा पाव, वर बोटभर लोणी.
नऊ चाळीस.
मी घड्याळाकडे पाहिलं,
त्यानं चमच्याकडे.

तेव्हापासून अकरा म्हणजे अकरा,
पण ताट म्हणजेही ताट:
मासा, बीट, दोन अंडी, घट्ट दही,
आणि सावकाश चावणं.
पाय रोज वीस किलोमीटर देतात,
त्यांच्याशी चिकटपणा कसा करायचा?

भूक अजून येते सकाळी.
शेजारणीसारखी उंबऱ्यात उभी राहते,
थंडीबद्दल काहीबाही बोलते, जाते.

कमरेचा पट्टा एक भोक आत गेलाय.
आणि गुरुवारी,
कालेर्वोला पत्र असो नसो,
चौदा नंबर बरोबर अकराला येतो.
रस्ता मीच तसा फिरवून घेतलाय.