सदर संदेश

रुवीत, तिसऱ्या मजल्यावर,
गळक्या एसीखाली बादली लावून
मी कंपनीसाठी वाक्यं घडवते.
पाण्याचे फिल्टर विकतो आम्ही.
माझं सगळ्यात खपाऊ वाक्य हे :
'सदर संदेश आमच्या कंपनीने पाठवलेला नाही.'

खोटं नाही ते.
पाठवतो सतरा नंबरचा भागीदार.
बसतो कुठे, ठाऊक नाही.
कुणी अजमान म्हणतं, कुणी मनिला.
चेहरा नाही त्याला, पण बँकेत खातं आहे,
आणि दर पाच तारखेला
गिऱ्हाइकामागे तीन रियाल या हिशेबाने
त्याचं व्हाउचर माझ्याच टेबलावरून जातं.
सही मी करते.
त्याच पेनाने.

आजची तक्रार मराठीत होती,
इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली.
हुस्नोद्दीन परकार, वाडी कबीर, क्रेन ऑपरेटर.
बाप चिपळूणला दवाखान्यात,
म्हणून फोन उशाशी, आवाज चालू.
रात्री दोन ते साडेतीन, चाळीस वेळा
अभिनंदन
शेवटची संधी
तुमच्या पिण्याच्या पाण्यात काय आहे, माहीत आहे?

एक्केचाळिसावा वाजला
तेव्हा त्याने फोन पालथा घातला
आणि वर उशी दाबली.
तो घरून होता.

भरपाई मागितलेली नाही. शिवीही नाही.
फक्त विचारलंय,
'ही माणसं तुमचीच ना?'

कुरुविलासाहेब म्हणाले, नेहमीचं पाठव.
करारात अकरावं कलम आहे,
भागीदाराच्या वागण्याला कंपनी बांधील नाही.
वाचलंय मी. मीच टाइप केलंय.

आमच्या कुडाळात नाना केरकराची म्हैस
दर दोन दिवसांनी शेजारच्या वाफ्यात.
'मी कुठे सोडली? दावं तुटलं,' म्हणायचा नाना.
दावं नवं आणताना त्याला कुणी पाहिलं नाही.
संध्याकाळी मात्र चरवी घेऊन
त्याच म्हशीखाली बसायचा,
नामानिराळा,
आणि दूध घट्ट असायचं.

दुपारपासून तेच वाक्य समोर आहे.
शेवटचा 'नाही' खोडला, तर उरतं ते
'सदर संदेश आमच्या कंपनीने पाठवलेला'
आणि पुढे कर्सर, लुकलुकत.
पुन्हा लिहिला. पुन्हा खोडला.
मधेच बादली भरली, मोरीत ओतून आले.
साहेबांची गाडी खाली सुरू झाल्याचा आवाज आला.

आज चार तारीख.
सतराचं व्हाउचर ट्रेमध्ये येऊन पडलंय,
या महिन्यात त्याने
दोनशे बारा गिऱ्हाइकं आणलीत.